उंबरावरचं पांढरं पीस

त्या नगरीत सगळी घरटी करड्या गवताची होती आणि सगळ्यांची तोंडं पूर्वेला होती. बगळ्यांच्या सभेचा तसा नियमच होता. सभेचा मुकादम आभाळातून फेरी मारायचा, तेव्हा त्याला सगळं एका नजरेत दिसायला हवं, एवढंच त्यामागचं कारण. ते कुणाला गैर वाटत नसे.

नाल्याकाठचा उंबर तेवढा वेगळा होता. तिथे कोंडा साळुंकीचं घरटं फुटक्या घुंगरांचं होतं. वारा आला की आपलं आपणच वाजे. एका बुलबुलाचं घरटं पतंगाच्या फाटक्या कागदांचं होतं. दर पावसाळ्यात ते विरघळे आणि दरवर्षी तो नव्या रंगाचं बांधे. सगळ्यात वर जानोबा डोमकावळा राही. त्याच्या घरट्याला आकारच नव्हता. चष्म्याच्या काड्या, दात पडलेल्या फण्या, बाहुलीचा हात, कुलूप हरवलेल्या किल्ल्या, असं नगरीनं टाकलेलं सगळं त्यानं काटक्यांत गुंफलं होतं. आणि ऐन दर्शनी भागात, कोंडाचं एक घुंगरू आणि बुलबुलाचा एक हिरवा कागद.

कारण उंबरावर एक रीत होती. दुसऱ्याची एखादी वस्तू मनापासून आवडली, की तो घरात नसताना ती उचलून आणायची आणि आपल्या घरट्यात सगळ्यांना दिसेल अशी लावायची. ज्याची गेली त्यानं विचारायचं नाही, ज्यानं नेली त्यानं सांगायचं नाही. तोंडावर कौतुक करणं तिथे ओशाळवाणं समजत. ज्याच्या घरून ऋतूभर काहीच जात नसे, तो बिचारा मान खाली घालून वावरे.

ही रीत कुणी कुणाला शिकवत नसे. झाडावर वाढता वाढता ती कळायची. शेवंती शिंपीण मात्र झाडावर वाढलीच नव्हती. पिल्लू असतानाच तिला दूरच्या सरोवरावर राजहंसांकडे शिकायला धाडलं होतं. ती परतली ती मनात न्यायाच्या मोठमोठ्या गोष्टी आणि चोचीत गुरूंनी निरोप देताना दिलेलं पांढरं पीस घेऊन. बगळ्यांचा उंबरावर डोळा आहे, हे तिनं वाटेतच ऐकलं होतं. काही झालं तरी हे झाड वाचवायचं, असं ठरवूनच ती आली.

तिनं पानं शिवून घरटं केलं, दारावर पीस टाचलं आणि चारा शोधायला गेली. परतली तेव्हा दारावर पीस नव्हतं.

ती थेट कोंडाकडे गेली.

“गेलं? पहिल्याच दिवशी?” कोंडाचे डोळे चमकले. “नशीब काढलंस ग पोरी. माझं पहिलं घुंगरू जाईपर्यंत मी म्हातारी व्हायची वेळ आली होती.”

शेवंतीला ही थट्टा वाटली. मग वाटलं, थट्टा नव्हे, हिला चोर ठाऊक आहे. मग वाटलं, ठाऊक असून ही हसते, म्हणजे सगळेच सामील आहेत. तेव्हापासून कुणी समोरून आला की ती आधी त्याची चोच बघे. जानोबा रोज सकाळी, बगळ्यांची सभा भरे त्या गच्चीकडे जातो, हेही तिच्या नजरेत आलं. तो गच्चीखालच्या उकिरड्यावर जायचा. पण तो तिथून काय आणतो हा प्रश्न तिला पडला नाही. तिथे काय पोचवतो, हाच पडला.

तिनं सगळ्यांना गोळा केलं. ती बोलली फार छान. आज न विचारता पीस जातं, उद्या झाडाची खबर जाईल, परवा झाड जाईल, असं ती कळवळून सांगत होती. रीत समजावून सांगायला कुणाची चोच उघडेना, कारण रीतीबद्दल बोलणं हेच रीतीला सोडून होतं. बुलबुल तेवढा चाचरत म्हणाला, की इथे आपलं हे असंच असतं.

“असंच असतं, म्हणूनच सभेचं फावतं,” शेवंती म्हणाली.

त्या दिवशी घरी जाऊन कोंडानं पहिल्यांदाच आपली घुंगरं चाचपून पाहिली.

मग सगळे मिळून जानोबाकडे गेले. पीस लपवलेलंही नव्हतं. जिथे सगळ्यात आधी ऊन पडे, तिथे ते खोचलेलं होतं.

“तुम्हीच नेलंत ना?”

इतकं थेट त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. कुठे बघावं हे म्हाताऱ्याला कळेना.

“पीस चांगलं होतं, बाळ,” तो कसाबसा म्हणाला.

“आणि गच्चीवर रोज काय पोचवता?”

जानोबानं पीस उपसून तिच्यापुढे धरलं. चोराच्या चोचीतलं मला नको, असं म्हणून तिनं तोंड फिरवलं. जानोबानं कोंडाकडे पाहिलं. कोंडा आपले पंख साफ करत होती. तेव्हा तो तेवढं पीसच घेऊन नाल्याच्या वरच्या अंगाला उडून गेला. बाकीचं सगळं त्यानं तिथेच सोडलं. मागे राहिलेल्यांनी आपापलं उचललं, काहींनी आपलं नव्हतं तेही उचललं, आणि घरी नेऊन खोल दडवलं.

शेवंतीनं बंदोबस्त केला. पूर्वेच्या फांदीवर पहारा ठेवला. पहारेकऱ्याला सगळी दारं एका नजरेत दिसावीत, म्हणून सगळ्यांनी आपल्या घरट्यांची तोंडं त्या बाजूला वळवून घेतली. रंगानं चोराला मोह होतो, म्हणून वरून करडं गवत लिंपलं. चोराची चाहूल ऐकू यावी, म्हणून कोंडानं घुंगरांत कापूस कोंबला. कुणालाही जबरदस्ती करावी लागली नाही.

थोड्याच दिवसांनी मुकादम बगळा आला. उंबरावरची वेडीवाकडी घरटी उतरवायचा हुकूम निघाला होता. पहाऱ्यावर शेवंती होती. बगळ्यानं झाडाला एक चक्कर मारली.

“काय ग,” तो म्हणाला, “इथे तो वेड्यांचा उंबर होता म्हणतात. तो कुठला?”

शेवंती फांदीवर मागे सरकली. बगळ्यानं पुन्हा एकदा झाडाकडे पाहिलं. “पुढे असेल,” असं स्वतःशीच म्हणून तो नाल्याच्या कडेनं वर निघाला.

पुढे वळणावर एक बाभूळ होती. तिच्यावर एकच घरटं होतं, तिरपं, पश्चिमेला तोंड केलेलं. त्याच्या दारात, उन्हात, एक पांढरं पीस हलत होतं. बगळ्यानं पंख मिटले आणि तो त्या फांदीवर उतरला.

शेवंतीनं मागे वळून उंबराकडे पाहिलं. सगळी दारं तिच्याकडे तोंड करून होती. त्या दिवशी कुणाच्याच घरट्यातून काही गेलं नव्हतं.