राहीच्या तळ्याचा बांध

बांधावर चढायचं तर चपला इथंच काढा. हसू नका, मोठमोठ्यांना मी इथं अनवाणी केलंय. हा बांध भर टाकून घातलेला नाही, तो बैलांचा झालाय. जवळून बघा. कुठं शिंगाचा कोंभ दिसेल, कुठं वशिंड. बाकी सगळं पावसानं एक केलंय.

राही आमच्या घरातली. माझ्या पणज्याची आत्या, कुंभाराची लेक. तेव्हा इथं तळं नव्हतं, माती काढायची खाण होती. बाईनं चाकाला हात लावायचा नाही, अशी रीत. मूर्ख रीत, पण होती. म्हणून राही नुसत्या हातानं बेंदराच्या सणाला पुजायचे मातीचे बैल करायची.

एका साली, दुष्काळाला तिसरं वर्ष लागलेलं, गावातली जनावरं म्हणे दावणीला बसली ती उठलीच नाहीत. बेंदूर तोंडावर आणि गावात बैल नाही. राही घरोघर जाऊन विचारू लागली, तुमचा कसा होता? कुणाचा डाव्या शिंगाला मोडका, कुणाचा मान तिरकी धरणारा. जसा होता तसाच ती घडवायची. हातात घेऊन म्हातारे गडी तोंड फिरवायचे, असं सांगतात.

तिचा धाकटा भाऊ संतू वैतागायचा. "आक्के, घरात सरपण न्हाई आन् तू मेलेल्या जनावरांची तोंडं आठवत बसतीस."

"मग तू जित्या माणसांची बघ की. दावणीकडं बघून सुकल्यात."

अठरा घरांचे बैल व्हायचे राहिले आणि राही तापानं गेली. बेंदराला पाच दिवस होते. एकही दावण रिकामी राहणार नाही, असा शब्द तिनं जाताना संतूकडून घेतला.

संतू मडक्यांचा कारागीर. बैल त्यानं कधी केला नव्हता, बहिणीला कधी विचारलंही नव्हतं. त्यानं अठरा बैल केले, पण भरीव. राही पोट पोकळ ठेवायची, खाली बोटाएवढं भोक पाडायची, हे इतकी वर्षं शेजारी बसून त्यानं पाहिलंच नव्हतं. भट्टीत सगळे फुटले. सरपणही संपलं.

बेंदराच्या सकाळी तो ओल्या मातीची पाटी घेऊन पहिल्या दारात उभा राहिला. त्या घरची म्हातारी तुळसा म्हणाली, "रित्या हातानं आलास व्हय रे?"

"माती आणलीया, आत्ती. बैल आक्कीसंगं गेलं."

"आण हिकडं. आमचा बैल तुला काय ठावं?" म्हातारी फतकल मारून बसली. बैल वाकडा झाला, पण मोडकं शिंग बरोबर जमलं. मग अठराही घरांनी आपापला केला. पूजा झाल्यावर ते कच्चे बैल खाणीच्या काठावर, राही माती मळायची तिथं आणून ठेवले. संतूनं बैल केला नाही. मांडी घालून बसलेली बाई केली. पुढं पाऊस आला, खाण भरली, ती म्हणे पुन्हा आटली नाही. बैल विरघळून काठाला बसले.

आजही गावात माणूस गेलं की त्याच्या घरचे तळ्यातून एक पाटी गाळ काढतात. गेलेल्याच्या हाताला जे लागायचं ते त्या मातीचं करायचं आणि भाजायचं नाही, बांधावर ठेवून द्यायचं. ज्याच्या घरचं माणूस, त्यानंच करायचं. म्हणून तळं गाळानं भरत नाही आणि बांध चढत जातो.

दोन वर्षांत मी तीनदा पाटी उचलली. भावासाठी नांगर केला, भावजयीसाठी जातं. तिसरी पाटी लेकीची. निम्म्या गावाच्या पोरांचे कपडे तिनं शिवले, उरल्या चिंध्यांच्या बाहुल्या करून त्यांच्या खिशात घालायची. तिचं शिलाई मशीन करायला बसले, तर चाक काही उभं राहीना. चारदा लावलं, चारदा पडलं. हात थकले, मग आडवंच ठेवलं.

ते बघा, त्या दगडाशेजारी. चाक अजून ओळखू येतं.