गोंड्यानं पळवलेला राजाचा जोडा

एकदा काय झालं, एका कुत्र्यानं चक्क राजाच्या पायातला जोडा पळवला. भर दिवसा! सगळ्या गावासमोर! पण थांबा, तिथवर पोचायला वेळ आहे. आधी तो कुत्रा कोण ते ऐका.

नदीकाठी एक गाव होतं, बोरवंड नावाचं. गावाचं भलं मोठं खळं होतं आणि त्या खळ्याची राखण भिवराबाईकडे होती. खळं म्हणजे मळणीची जागा, बरं का. कणसं तुडवायची, मग उंच तिपाईवर उभं राहून सुपातून ती वाऱ्यावर सोडायची. भुसकट उडून जातं, दाणे खाली पडतात. भिवराबाई ते खळं शेणानं असं सारवायची, की वर दूध सांडलं तर खुशाल चाटून घ्यावं. तिचा नियम एकच. खळ्यात पायताण घालून यायचं नाही. तिथं लक्ष्मी बसलेली असते.

भिवराबाईला ना नवरा, ना मूल. होता एक गोंड्या. पांढराशुभ्र. एक कान उभा, एक पडलेला. आणि शेपूट? शेपूट म्हणजे उसाला फुटलेला तुरा! पिल्लू होता तेव्हा तिनं त्याला एकच गोष्ट शिकवली. कुणी पायताण घालून खळ्यात आलं, की ते ओढून कडेच्या बोरीखाली नेऊन ठेवायचं. गोंड्या शिकला. जरा जास्तच शिकला. कारण खळं कुठं संपतं, ते काही त्या बिचाऱ्याला कळलं नाही. त्याला वाटलं, सगळं गावच खळं!

मग काय विचारता. पाटील पारावर विडा लावत बसले, उठून बघतात तर एक जोडा गायब. मग कुणाचा तरी जावई करकर वाजणारी नवी पायताणं घालून सासुरवाडीला आला. वेशीतून दारापर्यंत येईस्तोवर एक पाय उघडा. सासूबाई ओवाळायला उभ्या, आणि जावईबापू लंगडी घालतायत! आणि तिसऱ्या वेळी तर कहर झाला. पाटलांच्या लेकीच्या लग्नात गोंड्यानं मांडवातून अठ्ठेचाळीस वहाणा नेल्या. सगळ्या डाव्या. वऱ्हाड तीन दिवस गावातच अडकलं.

बाकीचे उद्योग होतेच. नदीत स्वतःचं तोंड दिसलं की त्याच्यावर भुंकायचा, आणि मग मान वाकडी करून उत्तराची वाट बघायचा. कोंबडीमागे धावायचा, कोंबडी उलटी फिरली की कोंबडीपुढे धावायचा. आणि खुशीत येऊन शेपूट हलवलं, की तुळशीपुढचा दिवा विझायचा. वाळत घातलेले पापड तीन घरं ओलांडून चौथ्या अंगणात पडायचे. हसू नका, खरं सांगतेय.

बायका तक्रार घेऊन यायच्या. भिवराबाई कमरेवर हात ठेवून म्हणायची, "अगं, तुमची कुत्री नुसती भाकरीला जागतात. माझा गोंड्या शिकवणीला जागतो!" इतका तिला त्याचा अभिमान.

पण लग्नानंतर पाटील संतापून आले. "भिवराबाई, हे कुत्रं आत्ताच्या आत्ता बांधा. मळणी उरकली की नदीपार सोडायचं. परत गावात दिसता कामा नये."

"अहो पाटील, तुमचंच धान्य राखतो तो."

"धान्य राखतो? लेकीच्या लग्नात मी एका पायात जोडा घालून मिरवलो, व्याह्यांसमोर!"

पाटलांचा शब्द मोडणार कोण? भिवराबाईनं खळ्याच्या कडेला खुंटी ठोकली आणि गोंड्याला बांधलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, खुंटीकडे पाहिलं आणि शेपूट पोटाखाली घेतलं. मळणी सुरू झाली. भिवराबाई आपल्या ताटातली अर्धी भाकरी गोंड्यापुढे ठेवायची. ज्या दिवशी रास घरात, त्या दिवशी गोंड्या नदीपार!

आणि मग काय झालं? वारा पडला. ज्या बोरवंडात बारा महिने वारा, तिथं पिंपळाचं पान हलेना. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. ज्वारीचा डोंगर तसाच पडून. भिवराबाई सूप घेऊन तिपाईवर चढायची आणि तशीच खाली उतरायची. वर ढग जमायला लागले. पाऊस आला तर वर्षाची भाकरी चिखलात.

मग गावकऱ्यांनी घोंगड्या हलवल्या. घाम आला, वारा नाही आला. मग चुलीजवळच्या फुंकण्या घेऊन सगळ्या बायका एका रांगेत बसल्या. गाल दुखले, वारा नाही आला. मग ही बातमी राजाच्या कानावर गेली. राजा मनाचा चांगला, पण जरा मिरवणारा. तो हत्ती घेऊनच आला. म्हणाला, "हा कान हलवील, धान्य उफणून देईल." हत्तीनं कान हलवले दोनदा आणि कडब्याच्या पेंढ्या खाल्ल्या वीस.

राजाच्या पायात मोती जडवलेले जोडे होते. रास जवळून बघावी म्हणून तो निघाला थेट खळ्याकडे. जोड्यांसकट! सगळ्यांनी पाहिलं. पाटलांनी पाहिलं आणि आभाळाकडे बघायला लागले.

गोंड्यानंही पाहिलं. त्यानं एक हिसका दिला, दुसरा दिला, तिसऱ्याला खुंटीच उपटली. दोरी आणि खुंटी फरफटत आला तो थेट राजाच्या पायाशी. घेतला डावा जोडा, नेला बोरीखाली, ठेवला नीट. राजा एका पायावर उभा! शिपायांनी भाले उगारले.

"महाराज, माझा काही संबंध नाही," पाटील म्हणाले, "हे या बाईचं कुत्रं!"

भिवराबाई धावली आणि भाल्यांच्या आणि गोंड्याच्या मधे उभी राहिली. मान ताठ.

"होय महाराज, माझंच कुत्रं. शिकवणही माझीच. या खळ्यात पाटील अनवाणी येतात, मी अनवाणी येते, बैलांच्या पायातसुद्धा जोडे नसतात. तुम्ही आलात ते चुकलंच. गोंड्यानं राजा ओळखला नाही, पण खळं ओळखलं. शिक्षा द्यायची तर मला द्या."

राजानं आपल्या उघड्या पायाकडे पाहिलं. सारवलेल्या जमिनीकडे पाहिलं. मग तो वाकला, दुसरा जोडा त्यानं स्वतःच्या हातानं काढला आणि गोंड्यापुढे धरला. म्हणाला, "घे रे बाबा, हाही ठेव. शाब्बास!"

गोंड्या बघतच राहिला. आजवर त्यानं शेकडो पायताणं ओढली होती. आपण होऊन हातात कुणी एक दिलं नव्हतं! मग त्याचं शेपूट पोटाखालून हळूच बाहेर आलं. एकदा हललं, पिंपळाचं पान हललं. दुसऱ्यांदा हललं, राजाचं उपरणं फडफडलं. तिसऱ्यांदा हललं, आणि शिपायांची पागोटी उडाली, हत्तीचे कान उलटे झाले, वारा सुटला!

"गोंड्याच्या शेपटातच होता की गं वारा!" बायका ओरडल्या.

भिवराबाई तिपाईवर चढली. राजा अनवाणी पायानं सुपं भरून देऊ लागला, पाटील रास ओढू लागले. भुसकट तीन गावं पलीकडे गेलं आणि खाली मोत्यांसारखी ज्वारी पडत राहिली. शेवटचं पोतं घरात गेलं, दार लागलं, आणि मग पावसाचा पहिला थेंब पडला.

नदीपार कोण जातंय आता? पाटील तर पाहुण्यांना सांगत सुटले, "आमचा गोंड्या, आमचा गोंड्या!" भिवराबाई ऐकायची आणि पदराआड हसायची. तेव्हापासून बोरवंडात येणारा माणूस वेशीतच डावी वहाण काढून गोंड्याच्या स्वाधीन करतो. गाव पोटभर जेवतं, गोंड्या बोरीखाली राखण करतो, आणि सगळे मजेत आहेत.

चला, पांघरुणं घ्या. खिडकीतून वारा येतोय ना? म्हणजे तिकडे कुणीतरी गोंड्याला शाब्बास म्हटलंय. आणि सकाळी तुमची डावी चप्पल सापडली नाही, तर रडायचं नाही, बरं का. ती नीट ठेवलेली असेल. मिटा डोळे.