मुनाफची घागर

"मग बाबा, हा परक्या हवापाण्याचा गुण नाही, तर कशाचा?"

डॉक्टर नासिर धापा टाकत दर्ग्याच्या दारात उभा होता. खांद्यावर भरलेली घागर होती. लहानपणी याच दारात तो फकीरबाबांकडे अक्षरं गिरवायला शिकला. पुढे पाच देश हिंडून त्याने मोठं पुस्तक लिहिलं आणि आता त्यातलंच बाबांना ऐकवत होता. जिथे जावं तिथे बाहेरून आलेली माणसं तिथे जन्मलेल्यांपेक्षा ठणठणीत निघाली. ना रक्तदाब, ना हृदयाचं दुखणं. विनय हा काही नासिरचा विषय नव्हता.



खाडीकाठच्या त्या गावाची एक रीत होती. परमुलखात निघालेल्याने खालच्या विहिरीवर घागर भरायची आणि दोनशे पायऱ्या चढून दर्ग्यात आणायची. वाटेत ती खाली टेकली, तर बाबा निरोप देत नसत आणि त्याचं जाणं रद्द होई.

आजची घागर मात्र नासिरच्या धाकट्या भावाची, मुनाफची होती. मुनाफला लहानपणापासून दम लागायचा. नासिरने त्याला परदेशात गोदामातलं काम मिळवून दिलं होतं, परवाचं विमान होतं. चाळिसाव्या पायरीवर मुनाफ मटकन बसला, तेव्हा नासिरने घागर उचलली आणि स्वतःच वर आणली. एकदा तिकडे गेला की सुधारेल, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

बाबांनी घागरीला हात लावला नाही.

"किती माणसं तपासलीस?"

"अकरा हजार."

"आपल्या गावची?"

"असतील साठसत्तर."

"त्यांतल्या कितींची घागर वाटेत टेकली होती?"

नासिर हसला. "एकाचीही नाही, बाबा. टेकली असती तर ते तिथे पोचलेच नसते, मग मी त्यांना…"

 त्याने वळून खाली पाहिलं. मुनाफ अजून तिथेच बसला होता, छातीवर हात ठेवून. परमुलूख माणसांना धडधाकट करत नव्हता, धडधाकट माणसंच तिथे पोचत होती. आपण सख्ख्या भावाला कुठे धाडायला निघालो होतो…

तो म्हणाला, "मी त्याला शब्द दिलाय, बाबा. बॅगसुद्धा भरून झालीय त्याची. आता काय सांगू त्याला?"

बाबा उठले. नासिरच्या खांद्यावरची घागर त्यांनी नीट सावरून दिली.

"सांगू नकोस काही. हे पाणी घेऊन जा, तहान लागली असेल त्याला."