घट्टे पडलेले तळहात

पौष वद्य तृतीया. सकाळपासून दाट धुके होते. नदीचा पैलतीर दिसत नव्हता. पूर्वी वाराणसीत एक राजा राज्य करीत होता, तेव्हाची ही गोष्ट. त्या सकाळी बोधिसत्त्व शेजारच्या नंदवतीच्या दाराशी गेला. त्या जन्मी तो कुंभार होता. राजवाड्यातून उत्सवाच्या घटांचे मोठे काम आले होते, म्हणून नंदवतीचे रिकामे पडलेले चाक मागायला तो आला होता.

तिचा नवरा भद्रक त्याच चाकावर काम करता करता कोसळला होता. उजवे अंग लुळे पडले, वाचा गेली. आधी सारी कुंभारआळी येऊन पाहून गेली. मग लोक दारात पेज ठेवून परतू लागले, पुढे पेजही येईना. नंदवती त्याला भरवी, पुसे, कुशीवर वळवी. तो तिच्याकडे पाहून रडे, आणि का रडतो हे तिला कळत नसे. आपण माणूस आहोत की त्याच्या खाटेचा खूर, असे तिला वाटू लागले होते.

वैद्याने लुळा हात शेकायला सांगितला होता. मडकी भाजायच्या आव्यातली गरम राख ती फडक्यात बांधी, तळहातावर धरून पाही आणि मग शेक देई. पण तापलेली मडकी उचलून उचलून तिच्या तळहातांना घट्टे पडले होते. त्यांना चटका कळत नव्हता. भद्रकाच्या हातालाही कळत नव्हता. त्या सकाळी तिने पोटली उचलली, तेव्हा खालची कातडी सोलून आली.

बोधिसत्त्व आत आला तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती.

"चाक न्या, भाऊजी," ती म्हणाली. "ह्यांनाही न्या. मी नदीवर जाते. मी ह्यांना भाजलं."

त्याने उपदेश केला नाही. जखमेला तूप लावले, मग विचारले, "वहिनी, आव्याच्या राखणीला आपण कधी कुणाला एकट्याला बसवतो का?"

एकट्याचा डोळा लागतो आणि सगळा माल तडकतो, हे आळीत सर्वांना ठाऊक होते.

बोधिसत्त्वाने राजवाड्याचे काम दुसऱ्या कुंभाराला देऊन टाकले आणि भद्रकाजवळ बसायला पाळ्या मागत तो घरोघर फिरला. बहुतेकांनी माना डोलावल्या आणि कुणी आले नाही. आली फक्त म्हातारी रोहिणी.

"जन्मभर यानं माझ्या मडक्यांना नावं ठेवली," ती उशाशी बसत म्हणाली. "आता उलटून बोलता येत नाही ना? मग ऐक माझं."

भद्रकाच्या ओठांची डावी कड हलली. नंदवतीला ते हसू वाटले, पण खात्री नव्हती.

सकाळी बोधिसत्त्व बसे, दुपारी रोहिणी. नंदवती दुपारची झोपू लागली. जाग आली की तिला पुन्हा नदीच आठवे. पण उशाशी कुणीतरी बसलेले दिसे, आणि ती चूल पेटवायला उठे.

भद्रक बरा झाला नाही. एक शब्द बोलला नाही. फाल्गुनातल्या एका दुपारी तो गेला. नंदवती झोपली होती. तिची झोप पुरी होईपर्यंत रोहिणीने तिला उठवले नाही.

आजारी सोबत्याच्या सेवेने खचून विहार सोडायला निघालेल्या एका भिक्षूला शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली. मग ते म्हणाले, "तेव्हाची नंदवती तूच. भद्रक म्हणजे तुझा अंथरुणावरचा सोबती, आणि रोहिणी म्हणजे रोज त्याच्यासाठी पेज आणणारी उपासिका. तो कुंभार मी होतो. त्या जन्मी मी करुणा पाळली."

भिक्षू खोलीत परत गेला. शास्ते त्याच्यासोबत गेले, आणि दोघांनी मिळून आजाऱ्याला कुशीवर वळवले.