खुरपीने मूठ सोडली

फार जुनी गोष्ट. वत्सलाबाईंच्या अंगणात एकच कुंडी होती आणि तिच्यात जास्वंदीची फांदी. मूळ फुटलं का ते बघायला बाई रोज ती खुरपीने उकरून काढत, पुन्हा खोचत.

एका सकाळी बाईंची पावलं वाजली आणि कुंडीशेजारची खुरपी सावध झाली.

"खुरपीताई, काल मला केसाएवढं मूळ आलंय," फांदी कुजबुजली. "आज उकरलंत तर मी मेलेच!"

"अगं, माझी मूठ त्यांच्या हातात!"

पातं मातीला टेकलं, तशी खुरपीने जीव एकवटून मूठच सोडली. पातं खळकन खाली पडलं.

"आता आठवड्याच्या बाजारापर्यंत थांबा!" बाई करवादल्या.

लोहाराकडून खुरपी परतली, तेव्हा फांदीवर दोन पानं डोलत होती. हरखलेल्या बाईंनी शेजारी मोगऱ्याची फांदी लावली.

दुसऱ्या सकाळी पावलं वाजली. खुरपी दचकली. पण बाई आल्या त्या हात पाठीमागे बांधूनच.