सुरयांच्या बेटावरचा पहारा

“आणि मी इथून हललो, अन् नेमका कावळा आला तर, बाबा?”

व्यंकट पहिलवान काठी रोवून उभा होता. गोदावरीच्या मधोमध, वाळूच्या बेटावर, चैत्राच्या रणरणत्या उन्हात. पायाशी वाळूत उथळ खळगा, त्यात सुरय पक्ष्याची तीन ठिपकेदार अंडी. आजूबाजूला अशी कितीतरी घरटी होती.

लतीफबाबा पाण्यातून चालत बेटावर आले होते. अंगानं काटकुळा म्हातारा फकीर. पण याच म्हाताऱ्यानं नुसते हात जोडून वाळू उपसणाऱ्यांचे ट्रॅक्टर इथून मागं फिरवले होते. “पाऊस पडेपर्यंत एवढं बेट पाखरांना द्या,” म्हणाले, आणि दिलं की हो लोकांनी!

व्यंकट आखाडा सोडून त्यांच्या मागं लागला होता. मला शिष्य करून घ्या. रोज तेच. शेवटी काल बाबा म्हणाले, “बेट सांभाळ.” झालं! गडी हरखून गेला.

आता बाबांनी त्याच्याकडं नीट पाहिलं.

“कधीपासून उभा आहेस?”

“तांबडं फुटल्यापासून बेटाच्या कडेला होतो. ऊन चढलं तसा एक कावळा घिरट्या घालायला लागला, मग थेट इथंच येऊन उभा राहिलो. घोटभर पाणीसुद्धा प्यायलो नाही.”

“शाब्बास. आणि या पाखरांचं काय म्हणणं?”

डोक्यावर सुरयांनी नुसता कल्ला मांडला होता. पिवळ्याधमक चोची, काळ्या टोप्या, दुभंगलेल्या शेपट्या. एकेक पाखरू सूं करून खाली झेपावायचं आणि पुन्हा वर जायचं.

“ओळखतात हो मला आता!” व्यंकट खुशीत म्हणाला. “बघा ना, कशी भोवती फिरतायत. एकीनं तर टाळूला चोचसुद्धा लावली.”

टाळूवर रक्ताचा थेंब वाळला होता.

“ओळखलंय खरं,” बाबा म्हणाले.

मग म्हणाले, “वहाणा काढ.”

व्यंकटनं काढल्या. तापल्या वाळूवर पाय ठेवला, दात आवळले. पहिलवानच तो, थोडा वेळ टिकला. मग एक पाय उचलला. मग दुसरा. मग मात्र त्याचा चांगलाच नाच सुरू झाला.

“बाबा, भाजतंय!”

बाबा अंड्यांकडं बघत होते…

व्यंकटनंही बघितलं. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

“यांची आई कुठंय?”

बाबांनी वर बोट दाखवलं. एक मादी चीत्कारत पुन्हा त्याच्याच टाळूवर झेपावत होती.

व्यंकटनं वहाणा उचलल्या आणि पळत सुटला. पाण्यात शिरला, ते थेट काठावरच्या बाभळीखाली येऊन थांबला. बाबा मागून सावकाश आले आणि शेजारी बसले.

बेटावरचा कल्ला हळूहळू निवळला. एकेक पाखरू खाली उतरलं. ती मादी मात्र घरट्यावर न जाता पाण्याकडं वळली. नदीला अगदी लागून उडाली, पोट पाण्यात बुडवलं, तशीच निथळत परत आली आणि अलगद अंड्यांवर बसली.

“पोट भिजवून आली…” व्यंकट पुटपुटला. “अंड्यांना गारवा द्यायला! बाबा, बघितलंत?”

त्याचे हात आपसूक जोडले गेले. जन्मभर नदीकाठी राहिला होता, पण हे कधी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात कावळा आला.

व्यंकट काठी घेऊन उठला. बाबांनी त्याचं मनगट धरलं.

अन् सगळं बेटच उठलं! जेवढी पाखरं होती तेवढी कावळ्यावर तुटून पडली. त्याला पळता भुई थोडी झाली. व्यंकट लहान मुलासारखा टाळ्या पिटून हसला. हसता हसता त्याची नजर त्या मादीच्या घरट्याकडं गेली.

“आणि मीच तिला बसू दिलं नाही… बाबा, पिल्लं निघतील ना त्यातून?”

“माहीत नाही.”

व्यंकटचे डोळे भरून आले. एवढा आडदांड माणूस, पण त्याला ते लपवताही येईना.

“एकच काम दिलं होतंत तुम्ही मला. तेही असं केलं. आता सांगाल तसं वागतो. काय करू म्हणजे ही पाखरं सुखानं राहतील?”

बाबांनी समोर पाहिलं. बेटावर ती मादी पुन्हा अंड्यांवर येऊन बसली होती, पण मान उंच करून अजून काठाकडं बघत होती.

“आणखी थोडा मागं सरक.”