उन्हातली पिशवी

“मग सर, दोन्हींतलं कोणतं?”

निशिकांतनं चहाच्या कपांशेजारी दोन नमुने मांडले होते. एक सलाइनचा, एक सिलिकॉनचा.

“फळवाल्यासारखा बसलायस की रे,” हेर्लेकर सर म्हणाले.

निशिकांत खरं तर विचारायला आलाच नव्हता. त्याचं ठरलं होतं; आपल्या जुन्या गुरूंची मान तेवढी हलायला हवी होती. चौगुलेबाईंचा डावा स्तन गाठीपायी काढलेला. आता परवा दुसरी शस्त्रक्रिया, आत यांतलं एक बसवायचं; आणि बाई काही केल्या सही करत नव्हत्या.

“काय सांगितलंस त्यांना?”

“सगळं. सलाइनचा फुटला तर लगेच कळतं, पाणी अंगात जिरून जातं. पण हाताला फुग्यासारखा लागतो. सिलिकॉन मऊ, अगदी खऱ्यासारखा. फुटला तर मात्र पटकन कळत नाही, तपासत राहावं लागतं. म्हटलं, सिलिकॉनच घ्या.”

“आणि त्या?”

निशिकांत हसला. “अर्धा तास घसा कोरडा केला, तर विचारतात, थंडीत गार लागेल का हो?”

“मग?”

“म्हटलं, बाई, तुम्हाला तिथं फारसं काही जाणवणारच नाही.”

सर हसले नाहीत. उठून खिडकीशी गेले. गजांतून आलेल्या उन्हात मांजरपाटाची एक पिशवी होती, ओंजळीएवढी, हातानं शिवलेली. ती त्यांनी निशिकांतच्या तळव्यावर ठेवली.

आत मोहरी सरकली. पिशवी ऊबदार होती.

“तुझ्या काकूंची. पोलक्यात घालायची.”

निशिकांत बघत राहिला. चार वर्षं दर रविवारी तो या घरी जेवला होता. ‘लाजतोस काय रे मेल्या,’ म्हणत काकू वाकून आमटी वाढायच्या…

“मला कधी कळलंच नाही, सर.”

“सर्जरीच शिकत होतास ना तेव्हा?”

त्यानं मान खाली घातली.

“मी मुंबईहून रबराचा आणला होता. केवढी खटपट करून! तिनं आठ दिवस वापरला, मग पेटीत टाकला. आणि ही शिवली.”

“का?”

“मीही विचारलं नाही… वाटलं, बायकांचं काहीतरी.” सर पुन्हा खुर्चीत बसले. “पुढे एकदा दिसलं. थंडीत ती अंघोळ करून आली, की धाकटा धावत येऊन छातीशी बिलगायचा. म्हणून अंघोळीला जाण्याआधी ती ही पिशवी इथं उन्हात ठेवायची.”

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती.

“तुम्ही अजून ठेवता?”

“ऊन येतं इथं.”

चहा निवून गेला. निशिकांतनं दोन्ही नमुने बॅगेत भरले. पिशवी मात्र हातातच राहिली होती. ती त्यानं सरांकडे दिली.

“चौगुलेबाईंना मग काय सांगू, सर?”

ऊन जरा पुढे सरकलं होतं. सरांनी उठून पिशवी तिथं ठेवली, दोन बोटांनी नीट केली.

“गार लागेल का, म्हणाल्या ना त्या… कुणाला, ते विचारलंस?”